शनिवारची उपासना

काठमांडूत ख्रिस्ती मंडळीची उपासना रविवारी नसते, शनिवारी असते. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारची. रविवारी कचेऱ्या, शाळा, दुकानं सगळं नेहमीसारखं सुरू. त्यामुळे तिथली मंडळी शनिवारीच जमते. मिरजेहून निघताना मला हे माहीत नव्हतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये ललितपूरच्या एका वस्तीत, पत्र्याच्या शेडमध्ये, मी आयुष्यात पहिल्यांदा शनिवारी उपासनेला बसले. दाराशी चपलांची रांग, खाली सतरंज्या, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. शेडच्या मागे विटांचा ढीग होता आणि त्या ढिगाला अजून एक खिडकी चिकटून उभी होती. ते त्यांचं जुनं प्रार्थनास्थळ.

माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीने उपासना झाल्यावर मला हाताला धरून मागे नेलं आणि ढिगाऱ्यातली एक जागा दाखवली. ती तिथे बसली होती. २५ एप्रिल २०१५, सकाळचे ११ वाजून ५६ मिनिटं, वार शनिवार. शेवटची प्रार्थना चालू असताना जमीन हलली. त्या मंडळीतलं कुणी गेलं नाही, एका मुलाचा पाय तेवढा मोडला. पण काठमांडूच्या खोऱ्यात आणि आसपासच्या डोंगरांत अशा कितीतरी मंडळ्या होत्या, ज्यांच्यावर उपासनेच्या वेळीच छप्पर कोसळलं. त्याच शनिवारमुळे हजारो शाळा मात्र रिकाम्या होत्या आणि त्यामुळे असंख्य मुलं वाचली. त्या भूकंपात नेपाळमध्ये जवळपास ९,००० माणसं गेली.

मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये शिकलेली नर्स. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभं केलेलं ते हॉस्पिटल. आमच्या घरात ‘मिशन’ या शब्दाचा अर्थ ठरलेला होता: दूर देशाहून माणसं आली, त्यांनी दवाखाना काढला, शाळा काढली, आणि आमच्या आजीला त्या शाळेत अक्षर मिळालं. मिशन म्हणजे आपल्याकडे येणारी माणसं. निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आमच्या मंडळीतल्या आठ जणांबरोबर मी तेरा दिवसांच्या सेवेसाठी काठमांडूला गेले, तेव्हा पहिल्यांदा मी स्वतः ‘येणारी’ झाले. अशा थोड्या दिवसांच्या सेवेला आता आपल्याकडच्या मंडळ्याही जाऊ लागल्या आहेत. म्हणूनच त्या शहरात ख्रिस्ती सेवा कशी आली, हे इथे सांगावंसं वाटतं. मी ते परत आल्यावर वाचलं. जाण्याआधी वाचायला हवं होतं.

काठमांडूला आलेले सुरुवातीचे ख्रिस्ती सेवक वाटसरूच होते. योहान ग्रूबर आणि आल्बेर द’ऑर्व्हिल हे दोन जेझुइट पाद्री १६६१ साली पेकिंगहून निघाले, ल्हासामार्गे हिमालय ओलांडून १६६२ च्या सुरुवातीला काठमांडूच्या खोऱ्यात उतरले आणि पुढे आग्र्याला गेले. त्या वेळी तिथे प्रतापमल्ल राजा होता. विद्येची आवड असलेला, अनेक लिप्या आणि भाषांत शिलालेख कोरून घेणारा. ग्रूबरने त्याला दुर्बीण भेट दिली आणि राजा खूश झाला. प्रवासाच्या श्रमांनी खचलेला द’ऑर्व्हिल आग्र्याला पोचल्यावर त्याच वर्षी वारला. त्या शहराची आणि ख्रिस्ती माणसांची ओळख अशी काही दिवसांच्या मुक्कामातून सुरू झाली.

राहण्यासाठी आले ते कॅपुचिन पंथाचे इटालियन फादर. ल्हासाच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून त्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला काठमांडूच्या खोऱ्यात घर केलं. मल्ल राजांनी त्यांना राहू दिलं. ते औषधं देत, खोऱ्यातल्या नेवार लोकांची नेवारी भाषा शिकत. पन्नास-पंचावन्न वर्षांत थोड्या नेवार कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. मग गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याने एकेक करून खोऱ्यातली राज्यं जिंकली. फादरांचे इंग्रजांशी संबंध असावेत असा त्याला संशय होता. १७६९ मध्ये त्याने त्यांना देशाबाहेर काढलं. त्यांच्याबरोबर ती नेवार ख्रिस्ती कुटुंबंही निघाली आणि बिहारमध्ये बेतियाजवळ चुहडी इथे वसली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

ही गोष्ट मी वाचली तेव्हा माझं लक्ष फादरांपेक्षा त्या कुटुंबांकडे गेलं. फादर परदेशी होते, त्यांना परतायला जागा होती. नेवार कुटुंबांनी मात्र घर, शेत, गाव, गणगोत सगळं सोडलं. बाहेरून आलेल्या माणसाच्या कामाची किंमत बहुतेक वेळा तिथल्याच माणसाला मोजावी लागते. काठमांडूच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

१७६९ नंतर जवळजवळ १८० वर्षं नेपाळचं दार बंद राहिलं. १८४६ पासून राणा घराण्याची सत्ता होती आणि परदेशी माणसाला परवानगीशिवाय खोऱ्यात पाऊल टाकता येत नसे. वाटही सोपी नव्हती. १९२७ पासून रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत छोटी रेल्वे होती. तिथून लॉरीने भीमफेदी, आणि पुढे चिसापानी आणि चंद्रागिरीचे चढ पायी. राणांच्या मोटारीसुद्धा हमालांनी खांद्यावरून खोऱ्यात नेल्या.

पण नेपाळी माणसं बाहेर येतच होती. चहाच्या मळ्यांत, फौजेत, दवाखान्यात. त्यामुळे ज्यांना नेपाळात जायचं होतं ते सरहद्दीवर थांबले आणि इथे येणाऱ्यांची सेवा करू लागले. रक्सौलला डॉ. सेसिल डंकन यांनी १९३० मध्ये हॉस्पिटल सुरू केलं. तराईतले रुग्ण बैलगाडीतून तिथे येत. नौतनवाला डॉ. लिली ओ’हॅन्लन आणि हिल्डा स्टील या दोघींनी दवाखाना चालवला. दार्जिलिंगला गंगाप्रसाद प्रधान या नेवार गृहस्थांनी नेपाळी पवित्र शास्त्राच्या भाषांतराला आयुष्य दिलं. १९१४ मध्ये ते पूर्ण झालं. गंगाप्रसाद जन्माने काठमांडूचे. शास्त्र छापून झाल्यावर ते कुटुंबकबिल्यासह आपल्या जन्मगावी राहायला गेले. त्यांना परत पाठवण्यात आलं.

ही थांबण्याची वर्षं मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटतात. त्या वर्षांत त्यांना दिसेल असं काही मिळालं नाही. त्यांनी भाषा शिकली, जखमा बांधल्या, बाळंतपणं केली. नेपाळी माणूस सरहद्दीवरून औषध घेऊन आपल्या डोंगरात परत जात होता आणि तिथे सांगत होता की त्या दवाखान्यात आपली बोली बोलतात. १९५० नंतर दार किलकिलं झालं तेव्हा त्यांच्याविषयीचा विश्वास आधीच आत पोचलेला होता.

ते दार उघडलं कसं, तर एका छोट्या सहलीने. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत रॉबर्ट फ्लेमिंग नावाचे अमेरिकन मिशनरी शिक्षक होते. त्यांना पक्ष्यांचा नाद. शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी ते पक्ष्यांचे नमुने गोळा करत. १९४९ मध्ये त्यांनी नेपाळ सरकारकडे पक्षी गोळा करण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर कार्ल टेलर हे तरुण डॉक्टर होते. फ्लेमिंग पक्षी पाहत होते आणि टेलर काली गंडकी व पोखराच्या खोऱ्यांत कोणते आजार आहेत याची पाहणी करत होते. ती पाहणी १९५१ मध्ये छापून आली.

कार्ल टेलर हे नाव मराठी वाचकाला परकं वाटू नये. पुढे ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. आपले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले तेव्हा त्यांना टेलर यांचं मार्गदर्शन लाभलं, आणि १९७० मध्ये या दोघांनी जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं आणि गावाचं आरोग्य त्यांच्या हाती सोपवायचं, ही जामखेडची रीत जगभर गेली. बाहेरच्या डॉक्टरने गावातल्या माणसाला शिकवून बाजूला व्हावं, हा धडा मला काठमांडूत उमगला. तो माझ्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर, जामखेडला, कधीपासून गिरवला जात होता.

दुसरी सहल १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली. आता राणांची सत्ता गेलेली होती. या वेळी फ्लेमिंग यांच्या पत्नी डॉ. बेथेल फ्लेमिंग आणि डॉ. कार्ल फ्रीडरिक्स बरोबर होते. फ्लेमिंग पक्षी गोळा करायला डोंगरात गेले आणि डॉक्टरांनी तानसेन गावात काही आठवड्यांचा दवाखाना उघडला. दिवसदिवसाची वाट तुडवून लोक आले. मुक्काम संपल्यावर गावच्या प्रतिष्ठितांनी विचारलं, तुम्ही इथे कायमचं हॉस्पिटल काढाल का? तो प्रश्न अर्ज होऊन काठमांडूला गेला. १९५३ मध्ये सरकारची मंजुरी आली: तानसेनला हॉस्पिटल आणि काठमांडूत बायका-मुलांसाठी दवाखाने.

म्हणजे थोड्या दिवसांच्या सेवेत मुळात काही वाईट नाही. नेपाळचं दार थोड्या दिवसांच्या सेवेनेच उघडलं. पण ती सहल निघाली ती वर्षानुवर्षं भारतात राहिलेल्या, इथल्या भाषा बोलणाऱ्या माणसांची. आणि गावाने ‘राहाल का’ असं विचारल्यावर त्यांनी ‘राहू’ असं उत्तर दिलं. आपल्या तेरा दिवसांमागे असं काही असतं का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

पुढचा निर्णय आपल्या नागपूरला झाला. मंजुरी मेथडिस्टांच्या माणसांना मिळाली होती. बिशप वॉस्कम पिकेट यांनी आग्रह धरला की हे काम एका पंथाचं असू नये. नेपाळात जायचं तर सगळ्यांनी मिळून एक संस्था म्हणून जायचं. भारतातल्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचं ठाणं नागपूरलाच होतं. ५ मार्च १९५४ रोजी नागपूरला आठ मिशन संस्थांनी एकत्र येऊन युनायटेड मिशन टू नेपाळ स्थापन केली. काठमांडूतल्या वृद्ध ख्रिस्ती माणसांना नागपूरचं नाव माहीत आहे. नागपूरच्या किती ख्रिस्ती माणसांना ही गोष्ट माहीत असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

डॉ. बेथेल फ्लेमिंग यांनी १९५४ च्या सुरुवातीला काठमांडूत दवाखाना उघडला. १९५६ मध्ये पाटण म्हणजेच ललितपूरजवळ राणांचा एक वाडा भाड्याने घेऊन तिथे शांता भवन हॉस्पिटल सुरू झालं. नक्षीदार छतांची दालनं, मोठमोठ्या खिडक्या. त्या दालनांत रांगेने खाटा लागल्या. मिरजेच्या हॉस्पिटलात वाढलेल्या माझ्यासारखीला त्याचं चित्र सहज डोळ्यासमोर येतं. वाड्यात हॉस्पिटल चालवायचं म्हणजे पाणी वरच्या मजल्यावर चढवायचं, जिन्यावरून स्ट्रेचर वळवायचं, गळक्या छताखालून खाटा सरकवायच्या. नर्सिंगमधल्या मुलीला हे सांगावं लागत नाही. पश्चिमेकडे डॉ. ओ’हॅन्लन आणि हिल्डा स्टील १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये नेपाळी ख्रिस्ती सोबत्यांसह पायी पोखराला पोचल्या होत्या. तिथे त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं हॉस्पिटल उभारलं. उन्हात ते लांबून चमके, म्हणून त्याचं नावच शाइनिंग हॉस्पिटल पडलं. १९५१ मध्येच फादर मार्शल मोरान यांनी गोदावरीला सेंट झेवियर्स शाळा सुरू केली होती.

या सगळ्यांना सरकारची एक अट होती: सेवा करा, धर्मप्रचार करू नका. युनायटेड मिशनने ती लिहून मान्य केली. दवाखाना, शाळा, वीज, शेती यांपुरतं काम करायचं. कुणाला धर्मांतरित करायचं नाही. त्यांनी ही अट पाळली म्हणून ते राहू शकले. नॉर्वेचे इंजिनिअर ओड हॉफ्टुन १९५८ मध्ये तानसेनचं हॉस्पिटल बांधायला आले आणि नंतर बुटवलला त्यांनी १९६३ मध्ये तंत्रशाळा सुरू केली. तिथल्या मुलांनी हत्यारं धरायला शिकून पुढे नेपाळचे जलविद्युत प्रकल्प उभे केले.

मंडळी उभी केली ती नेपाळी माणसांनी. दार्जिलिंग, कालिम्पाँग, नौतनवा इथे विश्वासात आलेले नेपाळी लोक १९५० नंतर आपल्या देशात परतले. कालिम्पाँगहून काठमांडूला आलेले रॉबर्ट कार्थक यांच्यासारख्या तरुणांनी घराघरांत उपासना सुरू केल्या. किंमतही त्यांनीच मोजली. १९६० मध्ये तानसेनला बाप्तिस्म्यावरून काही नेपाळी ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना तुरुंगात टाकण्यात आलं. बाप्तिस्मा देणाऱ्या पास्टर डेव्हिड मुखिया यांना सर्वांत मोठी शिक्षा झाली. १९६३ च्या मुलुकी ऐन या कायदेसंहितेने धर्मांतर गुन्हा ठरवलं. १९९० पर्यंत अनेकांनी तुरुंग पाहिला. परदेशी माणसाला बहुतेक वेळा नुसता व्हिसा नाकारला जाई. नेपाळी माणसाची वर्षं जात.

आता आमच्या तेरा दिवसांबद्दल सांगते.

आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबरपासून सरहद्दीवरून इंधन आणि माल येणं जवळजवळ थांबलेलं होतं. तिथली माणसं त्याला भारताची नाकाबंदी म्हणत होती. भारत सरकार म्हणत होतं की तराईतल्या आंदोलनामुळे ट्रक अडकले आहेत. आम्ही भारतातून आलेले नऊ जण. गॅस सिलिंडर नाहीत, पेट्रोलसाठी रात्रभर रांगा, औषधांच्या दुकानात फळ्या मोकळ्या. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो त्यांनी गच्चीवर विटांची चूल मांडली होती आणि पडक्या घरातल्या लाकडांवर भात शिजत होता. भूकंपात मोडलेल्या दाराच्या चौकटी जळत होत्या. त्यांनी आम्हाला एकदाही त्याबद्दल बोल लावला नाही. पहिल्या रात्री आम्ही ‘सलाम’ म्हटलं, त्यांनी ‘जय मसीह’ म्हटलं, आणि गरम भात आमच्यासमोर ठेवला. मला घास गिळताना जड गेलं.

आमच्या नऊ बॅगांपैकी चार बॅगा वापरलेल्या कपड्यांनी भरलेल्या होत्या. आम्ही दीड महिना ते गोळा केले होते, धुतले होते, इस्त्री केली होती. तिथे एका खोलीत छतापर्यंत कपडेच कपडे होते. जगभरातून आलेले. आमच्या साड्या तिथे कुणी नेसणार नव्हतं, आणि डोंगरातल्या थंडीत त्यांचा उपयोगही नव्हता. हवं होतं ते गॉज, सलाईन, लहान मुलांची तापाची औषधं. ते एका बॅगेत होतं. निघण्यापूर्वी एक फोन करून विचारलं असतं तरी कळलं असतं. आम्ही विचारलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट आमच्या सामानात होती. आमच्यापैकी एका भावाने हिंदी पत्रिकांचा गठ्ठा आणला होता. औषधांबरोबर वाटायचा त्याचा विचार होता. त्याच्या मनात प्रेमच होतं. तिथल्या पास्टरांनी गठ्ठा हातात घेतला, एक पत्रिका वाचली, सगळ्या नीट जुळवून परत त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाले, “तुम्ही तेरा दिवसांनी जाल. चौकशीला माणसं येतील ती माझ्या दारात.” एवढंच. गठ्ठा बॅगेत परत गेला. बेतियाला गेलेली नेवार कुटुंबं किंवा तानसेनचा तुरुंग मला तेव्हा माहीत नव्हता. पण त्या पास्टरांच्या आवाजात तो सगळा इतिहास होता, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवसापासून मी तिथल्या एका नेपाळी नर्सच्या हाताखाली काम केलं. ती चौतीस-पस्तिशीची, मला दिदी म्हणायची. शेडच्या एका कोपऱ्यात टेबल, त्यावर स्टीलचा ट्रे, चुलीवर उकळून निववलेलं पाणी. पहिल्या सकाळी मी तिच्याकडून चार शब्द शिकून घेतले. रुग्णाला विचारायचं, “कहाँ दुख्छ?” मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. चाळीस वर्षं मी मिरजेच्या वॉर्डात हाच प्रश्न विचारत आले: कुठं दुखतं? शब्द तोच, लिपी तीच, दुखणंही तेच.

एक बाई आली. भूकंपात भिंत पडून तिच्या पोटरीला जखम झाली होती. वरवर भरलेली, आतून चिघळलेली. पट्टी जखमेला घट्ट चिकटली होती. मी आयुष्यभर अशा पट्ट्या काढल्या आहेत. हात पुढे केला, पण नर्सने मला नुसता ट्रे धरायला सांगितला. तिने सलाईनने पट्टी भिजवली आणि काढायची घाई केली नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं, ती थेंब थेंब सोडत राहिली आणि त्या बाईशी तिच्या म्हशीबद्दल बोलत राहिली. म्हैस ढिगाऱ्याखाली गेली होती. रेडकू वाचलं होतं. मला थोडंसंच कळत होतं, पण एवढं कळलं की नर्सला रेडकाचा रंगसुद्धा माहीत आहे. त्या बाईने अंगावरच्या शालीचं टोक मुठीत धरलं होतं. बोलता बोलता मूठ सैल झाली, आणि त्याच क्षणी नर्सने पट्टी उचलली. बाईच्या तोंडून आवाजही निघाला नाही.

मी तिच्याहून सव्वीस वर्षांनी मोठी, अनुभवाने कितीतरी पुढची. पण ते काम मला जमलं नसतं. त्या रेडकाबद्दल मला विचारता आलं नसतं. उरलेले दहा दिवस मी ट्रे धरला, गॉज कापलं, कात्र्या उकळल्या, रजिस्टर लिहिलं. तिची कंबर दुखत होती. माझ्यामुळे ती दिवसातून दोन वेळा टेकली. मला वाटतं, थोड्या दिवसांच्या सेवेचं खरं माप तेच आहे. तिथे राहणारा माणूस आपल्यामुळे किती वेळ टेकला, एवढंच पाहावं.

एका दुपारी ती मला लगनखेलला पाटण हॉस्पिटल दाखवायला घेऊन गेली. शांता भवनच्या वाड्यातलं काम १९८२ मध्ये या नव्या इमारतीत आलं. पुढे ते मिशनच्या हातून पूर्णपणे नेपाळी हातांत गेलं. आज तिथे पाटण आरोग्य विज्ञान प्रतिष्ठान आहे, डॉक्टर घडवणारी सरकारमान्य संस्था. भूकंपाच्या दिवशी याच हॉस्पिटलच्या आवारात जखमींची रीघ लागली होती आणि त्यांना सांभाळणारे हात नेपाळी होते. इमारतीपाशी उभी असताना मला मिरज आठवली. आपल्याकडेही असंच झालं: परदेशी डॉक्टर आले, शिकवलं, आणि पुढे आपल्या माणसांनी ते काम हातात घेतलं. चांगल्या मिशनचा शेवट असाच व्हायला हवा. ज्या दिवशी आपली गरज उरत नाही तो दिवस अपयशाचा नव्हे.

नेपाळ २००७ नंतर हिंदू राष्ट्र राहिलं नाही. तरी २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई कायम ठेवली, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर पाठवण्याची तरतूदही आहे. हे सगळं असताना २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक १.४ टक्के होते, ते २०२१ मध्ये १.७६ टक्के झाले. ती वाढ तेरा दिवसांच्या पाहुण्यांनी केलेली नाही. ती शनिवारी सतरंजीवर बसणाऱ्या, आजाऱ्याच्या घरी रात्र काढणाऱ्या, शेजारणीच्या म्हशीचं दुःख ओळखणाऱ्या माणसांची आहे.

मी त्यानंतर आणखी दोनदा गेले, त्याच मंडळीत, त्याच नर्सकडे. दुसऱ्या वेळी शेडच्या जागी भिंती आल्या होत्या. या वेळी मी आधी फोन केला होता. तिने यादी पाठवली. यादीत जे होतं तेवढंच नेलं. आमच्या मंडळीने आता ठरवलं आहे की प्रवासखर्चाइतकीच रक्कम दर वर्षी तिथल्या नर्सच्या पगारासाठी बाजूला काढायची. कुणी गेलं नाही तरी ती रक्कम जाते.

तुमच्या मंडळीतून कुणी अशा सेवेला परदेशी शहरात जाणार असेल, तर माझं एवढंच मागणं आहे. त्या शहराचा इतिहास जाण्याआधी वाचा. तिथे आपल्या आधी कोण आलं, कोणाला काय सोसावं लागलं, हे माहीत करून घ्या. काय आणायचं ते विचारा. तिथल्या भाषेतले शंभर शब्द पाठ करा. त्यात ‘कुठं दुखतं’ हा प्रश्न असू द्या. तिथला कायदा आणि तिथल्या पास्टरांचा शब्द मोडू नका, कारण त्याची किंमत तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त मोजावी लागेल. त्यांच्या हाताखाली काम करा, आणि पुन्हा जायचं झालं तर त्याच दारात जा. काठमांडूला जाल तेव्हा रविवारची वाट पाहू नका. शनिवारी चपला दाराशी काढून त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसा.